पाठ केलेली अक्षरं

आमच्या घरी तांदूळ निवडायचं काम अण्णांचं होतं. लाइनवरून आले, आंघोळ झाली, झोप झाली, की मागच्या अंगणात खाट ओढून ते मांडीवर सूप घेऊन बसत. इंजिनाच्या ड्रायव्हरनं तांदूळ निवडावेत याचं शेजारच्या बायकांना मोठं नवल वाटे. अण्णा म्हणत, दिवसभर कोळशात काढल्यावर पांढरं काहीतरी बघितलं की डोळ्यांना बरं वाटतं. त्या वर्षी मात्र आमच्या भातात खडे लागायला लागले. आधी आठवड्यातून एखादा, मग रोज. आई माझ्यावर चिडायची. तिला वाटे, अण्णा अर्धवट सोडून उठतात आणि उरलेलं मी कसंतरी उरकते. मी उलटून बोलले नाही. खरं काय ते मला तिच्याआधी कळलं होतं. अण्णांची बोटं सुपात फिरत असायची आणि नजर तुळशीच्या कुंडीपलीकडे कुठंतरी लागलेली असायची. खडा ते बोटांनी शोधायला लागले होते.

झाशीच्या लोको शेडच्या मागं विटांच्या क्वार्टरांची जी ओळ होती, तिच्यातलं शेवटून तिसरं आमचं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं अंगण, आणि त्यात आई, अण्णा, मी आणि माझा धाकटा भाऊ. आमच्या भिंतींना कायम एक बारीक थरथर असे, ती शंटिंगची. रुळांवर डबा डब्याला भिडला की मांडणीवरची फुलपात्री किणकिणत. पाहुण्यांची त्यानं झोप उडे, आणि आम्ही कुठं गावाला गेलो की तो आवाज नाही म्हणून आमची उडे. अण्णांच्या इंजिनाची शिट्टी आई ओळखायची. ती ऐकू आली की ती कढईखालची शेगडी सारखी करायची. आमटीत ती गूळ घालायची म्हणून ओळीत आम्ही 'मीठी दाल वाले' होतो. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण त्या मराठीत सब्जी, कमरा, ताला हे शब्द कधी येऊन बसले ते आम्हाला कळलंच नव्हतं. आता माझी नात माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी तिला काही म्हणत नाही. आमचंही तेच झालं होतं, जरा सावकाश झालं इतकंच.

इंजिन चालवणाऱ्यांची डोळ्यांची तपासणी ठरावीक काळानं व्हायची. वय वाढलं की ती लवकर लवकर यायची. तिच्यात नापास होणाऱ्याला लाइनवरून उतरवून शेडमध्ये कुठंतरी बसवत. आमच्या ओळीत असा एक जण होता. तो दिवसभर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना शिव्या द्यायचा. अण्णा त्याच्या ओट्यावरून जाताना पावलं भरभर टाकत. तपासणी पंधरा दिवसांवर आली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काळ्या शाईनं इंग्रजी अक्षरं काढायला सांगितली. दवाखान्यातला तक्ता त्यांना मागच्या खेपांमुळं बराचसा आठवत होता, आणि राहिलेल्या दोन ओळी त्यांच्या इंजिनावरच्या हरनाम भैयांनी आपल्या तपासणीच्या वेळी ध्यानात ठेवून आणल्या होत्या. मी तो तक्ता अंगणातल्या भिंतीवर टांगला. अण्णा खाटेपाशी एका डोळ्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि मी लाटण्यानं अक्षर दाखवायची. मी ओळी उलटसुलट विचारायची, मधलंच अक्षर विचारायची, चुकले की पुन्हा पहिल्यापासून म्हणून घ्यायची. मी पंधरा वर्षांची होते, शाळेत हुशार म्हणून नाव होतं, आणि आपण अण्णांना काहीतरी शिकवतोय याचा मला फार अभिमान वाटत होता. ते पास झाले त्या दिवशी आईनं शिरा केला. पहिली वाटी अण्णांनी मला द्यायला लावली.

हरनाम भैया म्हणजे अण्णांचे फायरमन, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. बरुआसागरकडचे, तिशीचे, अंगानं दणकट. गावाहून येताना आमच्यासाठी ओलं आलं आणायचे, आणि मग आठवडाभर आमच्या चहाला त्याचा वास असे. थंडीतली एक दुपार होती. आई हळदीकुंकवाला गेलेली, अण्णा झोपलेले. भैया आल्याची पुरचुंडी घेऊन आले, पण देऊन गेले नाहीत, ओट्याच्या कडेला उभेच राहिले. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं आणि फायरमननं आपापल्या डोळ्यांनी बघून तो मोठ्यानं पुकारायचा, असा नियम असतो, हे मला ठाऊक होतं. भैया म्हणाले, कित्येक महिने झाले, मी आधी पुकारतो आणि ते माझ्यामागून म्हणतात. मला ते बिन्नू म्हणत, म्हणजे ताई. मग खालच्या आवाजात, आपल्या बुंदेलीत म्हणाले, "बिन्नू, तुमाए बाबूजी अब हमाई आँखन से गाड़ी चला रए."

त्यांनी जे सांगितलं ते असं. परवा सकाळी सूर्य समोर होता. भैया वाकून भट्टीत कोळसा टाकत होते. अण्णांनी सिग्नल मोकळा असल्याचं पुकारलं. भैयांनी सहज मान वर केली तर सिग्नलचा हात आडवा, म्हणजे थांबा. ते ओरडले, अण्णांनी ब्रेक मारला, आणि गाडी थांबली तेव्हा पुढं उभ्या असलेल्या पॅसेंजरचा शेवटचा डबा एवढा जवळ होता की त्याच्या दारात बसलेली बाई भैयांना स्पष्ट दिसली. ती लेकराला भरवत होती. तिचा घास हातातच राहिला होता. "मोए ओ को हाथ दिखात है," भैया म्हणाले, तिचा हात अजून डोळ्यांपुढं येतो. महिनाअखेर त्यांची बढतीवर दुसऱ्या शेडला बदली व्हायची होती. नवा फायरमन येणार, तो पोरसवदा, तो ड्रायव्हरच्या आधी कशाला पुकारेल? आणि वरच्यांना जाऊन सांगणं भैयांच्यानं होत नव्हतं. कोळशाचं फावडं, बेलचा, कसा धरायचा ते अण्णांनी त्यांना हात धरून शिकवलं होतं. ते मला सांगून मोकळे झाले. त्यांचं ओझं कमी झालेलं मी त्यांच्या चालीवरून पाहिलं. ते आता माझ्या पाठीवर होतं.

मी आईला सांगायचा प्रयत्न केला. तिनं पोळी लाटता लाटता ऐकलं, ती थांबली नाही. तिला सगळं ठाऊक होतं. खड्यांवरून ती मला रागवायची, ते स्वतःला फसवण्यासाठी होतं हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "घरातलं घरात राहू दे. तुझ्या तोंडून बाहेर गेलं तर ते जगायचे नाहीत, एवढं लक्षात ठेव." त्यानंतर मला रोज दोन्ही बाजूंनी भीती वाटायला लागली, बोलले तर अण्णांची, नाही बोलले तर गाडीतल्या माणसांची. अण्णा लाइनवर गेले की शाळेत माझं लक्ष लागत नसे. शेडचा भोंगा वेळेअवेळी वाजला, म्हणजे कुठं अपघात, की मी लिहायचं सोडून खिडकीकडं बघत बसे. ते परत आले की वाटे, आजचा दिवस निभावला, उद्याचं काय? ती बाई कुठली, कुठं चालली होती, मला काही माहीत नव्हतं, पण जेवायला बसलं की घास हातात राहिलेला तिचा हात मला दिसे. मी वाळले. आई म्हणायची, अभ्यासाचा ताण आहे.

याच दिवसांत आमच्या शाळेत नीतिविचाराच्या स्पर्धेची तयारी चालली होती. शहरातल्या एका मंडळानं ती भरवली होती. वक्तृत्वासारखी ही स्पर्धा नव्हती. एक प्रसंग वाचून दाखवायचे, त्यात माणूस असा अडकलेला असायचा की कुठूनही गेलं तरी कुणाचं तरी नुकसान. दोघादोघांच्या संघानं थोडा वेळ विचार करून आपलं म्हणणं मांडायचं, समोरच्या संघानं प्रश्न विचारायचे, मग परीक्षकांनी. आवाज चढवला तर गुण जात. मत बदललं तर जात नसत, फक्त का बदललं ते सांगता आलं पाहिजे. आम्हाला शिकवायला आमच्या बहनजी होत्या. त्या इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज पुजारीपणासाठी इकडं आले ते इथलेच झाले. आम्ही ताला म्हणायचो, त्या कुलूप म्हणत, आणि चुकलं की कान न धरता नुसतं बघत. माझी जोडीदार होती कुसुम, मानिक चौकातल्या बांगडीवाल्यांची मुलगी. तिचं डोकं माझ्यापेक्षा सावकाश चालायचं, पण एकदा धरलेला धागा ती सोडायची नाही. आम्ही दोघी अंतिम फेरीत पोचलो.

अंतिम फेरीचा नियम वेगळा होता. प्रत्येक संघानं स्वतःचा एक प्रसंग लिहून बंद पाकिटात आठवडाभर आधी द्यायचा, आणि समोरच्या संघानं त्याच्यावर विचार मांडायचा. आमचा प्रसंग कुसुमनं लिहिला होता, परीक्षेत नक्कल करणाऱ्या मैत्रिणीबद्दल. पाकीट नेऊन द्यायचं काम माझं होतं. मी ते वाटेत उघडलं, तिचा कागद काढला आणि माझा घातला. माझ्या कागदावर घाटातून बस चालवणारा एक ड्रायव्हर होता. त्याची नजर गेली होती आणि त्याच्या मुलीनं त्याच्याकडून तक्ता पाठ करून घेतला होता. आता मुलीनं काय करावं? मी एवढंच विचारलं होतं. आज लोक म्हणतील, काय हे धाडस. ते धाडस नव्हतं. मला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारायला माणूस नव्हतं. रेल्वेच्या जागी बस लिहिली की कुणाला कळणार नाही, एवढीच माझी अक्कल.

स्पर्धा दुपारची होती, एका शाळेच्या प्रार्थनेच्या दालनात. माणसं बरीच जमली होती. आमचा प्रसंग वाचायला सुरुवात झाली तशी कुसुमनं माझ्याकडं वळून पाहिलं. मी समोर बघत राहिले, आणि समोर, अगदी शेवटच्या रांगेत, मला अण्णा दिसले. बहनजींनी पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. आई म्हणाली होती, ते कशाला येतायत. ते आले होते. काळा बंद गळ्याचा कोट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. तिथून त्यांना माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. ऐकू सगळं येत होतं. वाचणारा माणूस म्हणाला, मुलीनं कॅलेंडरच्या पाठीवर अक्षरं काढली. मी ते तसंच लिहिलं होतं. तेवढंही बदलायचं मला सुचलं नव्हतं.

समोर दोन मुलगे होते. त्यातला उंच, चष्मेवाला महेंद्र नावाचा. त्यांनी विचार चांगला मांडला. मुलीनं आधी बापाशी बोलावं. त्यानं ऐकलं नाही तर वरिष्ठांना सांगावं. आणि बापाच्या मानापेक्षा प्रवाशांचा जीव मोठा, हे सांगताना त्यांनी बापाला कुठं वाईट म्हटलं नाही. मग आमची पाळी होती. आमच्या प्रसंगावर आमचं मत काय ते मी सांगायचं होतं. मी उठले आणि, आजही आठवून लाज वाटते, मी बापाची बाजू घेतली. म्हटलं, त्यानं वीस वर्षं एकही चूक केली नाही, कंडक्टर सोबत असतो, मुलगी त्याला कसं मोडेल. शेवटच्या रांगेकडं बघत बोलत होते. महेंद्रनं शांतपणे विचारलं, "बस में बैठे लोगों के नाम लड़की नहीं जानती। पिता का नाम जानती है। क्या फ़र्क बस इतना ही है?"

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. ते इतकं सरळ होतं की तोंडातून निघेना. परीक्षकांत एक वयस्क बाई होत्या. त्या म्हणाल्या, घाई नाही, सावकाश सांग. मी म्हटलं, लड़की जानती है. म्हटलं, लड़की ने एक औरत का हाथ देखा है. ते कुणाला कळलं नाही. आणि मग मी म्हटलं, "चार्ट मैंने ही बनाया था।"

मी 'लड़की ने' म्हणायला हवं होतं. बहनजी खुर्चीतून अर्धवट उठून पुन्हा बसल्या. मी उभी होते आणि मला बसता येत नव्हतं. तेव्हा कुसुम उठली. तिचा कागद मी चोरला होता, तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि तरी उरलेला वेळ तिनं अंगावर घेतला. ती हळूहळू, शब्द शोधत बोलली. म्हणाली, आमच्या प्रसंगातल्या मुलीला वाटतं की गप्प बसणं किंवा चहाडी करणं, एवढ्या दोनच वाटा आहेत. पण तक्ता दोघांनी मिळून पाठ केला. तर तिनं बापाला 'तुम्ही चुकलात' म्हणू नये, 'आपण चुकलो' म्हणावं, आणि दोघांनी मिळून जाऊन सांगावं. आम्ही हरलो. ढाल त्या मुलांना मिळाली. महेंद्र माझ्यापाशी येऊन काहीतरी म्हणाला, मी ऐकलं नाही. कुसुम माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. नंतर एकदाच म्हणाली, मला आधी सांगितलं असतंस तर मी आणखी चांगलं बोलले असते.

अण्णा फाटकाशी उभे होते. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. एरवी असं बाहेर चालताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. बाप-लेकीचं प्रेम म्हणून लोक कौतुक करायचे. त्या दिवशी त्यांनी हात ठेवला नाही. गटार आलं तिथं मी मुद्दाम हळू झाले, ते पायानं चाचपून ओलांडून गेले. घरी आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाले, हरली. जेवले, पानावरून उठले, खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. आईनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. तिनं माझ्या पानातला भात उचलून परत पातेल्यात घातला. मी जेवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीचा बुलावा आला. शेडचा माणूस वही घेऊन ओट्यावर उभा राहिला, ड्रायव्हरनं सही करायची. आईनं लाइनवर न्यायची पेटी भरून ठेवली होती, पोळ्या, कांद्याची भाजी, लोणचं. अण्णांनी वही हातात घेतली, बराच वेळ धरली आणि सही न करता परत दिली. म्हणाले, "सिक लिख लो." आजारी म्हणून नोंद करा. माणूस गेला. अण्णांनी कोट चढवला आणि मला म्हणाले, चप्पल घाल.

रेल्वेच्या दवाखान्यात ते डॉक्टरांना म्हणाले, डोळे पुन्हा तपासा. डॉक्टर म्हणाले, आत्ताच तर झाली तपासणी. अण्णा म्हणाले, तरी तपासा. तक्त्यासमोर ठरल्या जागी ते उभे राहिले. मी दारात होते. एका डोळ्यावर हात ठेवला आणि ते वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. माझ्याच चालीवर, मी शिकवलं होतं तिथं तिथं थांबत, एक अक्षर न चुकता. त्यांनी बेत बदललाय असं मला वाटलं. आणि देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. त्या बाईचा हात, महेंद्रचा प्रश्न, सगळं त्या क्षणी पुसलं गेलं. मनात एवढंच होतं, म्हणा अण्णा, शेवटची ओळ म्हणा, घरी जाऊ. चौथ्या ओळीत ते थांबले. हात खाली घेतला. "डॉक्टर साहब, ये मुझे याद है," ते म्हणाले. "दूसरा लगाइए।"

दुसरा तक्ता लावला. त्यांना त्यातलं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं वाचता आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. मागच्या तपासणीबद्दल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अण्णांनी सांगितलं की तक्ता पाठ केला होता. कुणी शिकवला ते विचारलं, तर म्हणाले, मीच. हरनाम भैयांचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि माझंही. 'आपण' म्हणायची वेळ होती आणि मी दारात उभी राहिले.

त्यांना लाइनवरून उतरवलं. खोटं पास झाल्याबद्दल शिक्षाही झाली. मग शेडमधल्या दिव्यांच्या खोलीत बसवलं. कंदील पुसायचे, तेल भरायचं, देणं-घेणं लिहायचं. लिहायला दुसऱ्याचे डोळे लागत. हे सगळं फार उदात्त वाटेल म्हणून सांगते, त्यानंतर अण्णा चांगले वागले नाहीत. मिठावरून ताट भिरकावायचे. मला वर्तमानपत्र वाचायला सांगणं त्यांनी बंद केलं. ते धाकट्या भावाला सांगत, आणि तो अडखळला तरी मला हाक मारत नसत. आई होळीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. लाइनच्या पेटीत तिनं पापड भरून ठेवले. हरनाम भैया जाण्याआधी भेटायला आले, अण्णांच्या पाया पडले, माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. अपघात झाला असता तर तो दाखवता आला असता. न झालेला अपघात मी कुणाला दाखवणार? मी जे केलं त्यानं कुणाचा जीव वाचला की नुसतं आमचं घर मोडलं, हे मला आजही सांगता येत नाही. पुढं मी कॉलेजात गेले, पण वादाच्या व्यासपीठावर पुन्हा उभी राहिले नाही.

माझं लग्न झालं, अण्णा निवृत्त झाले, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, जाड काचांचा चष्मा आला. एका हिवाळ्यात मी माहेरी आले होते. अंगणातल्या उन्हात आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. आई आत होती. किती वर्षं मनात होतं ते मी विचारलं: तुम्हाला माझा राग आला होता का? ते म्हणाले, आला होता, पुष्कळ वर्षं होता. बोललीस त्याचा नाही. "चारचौघांत बोललीस. घरी मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

अण्णांनी हातातली शेंग तशीच धरली. खूप वेळ विचार केला; माझ्या समाधानासाठी काही म्हणायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता.

"नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी टोपलीतल्या आणखी मूठभर शेंगा उचलून माझ्या पुढ्यात टाकल्या, आणि आम्ही सोलत राहिलो.